सर्व्हिस पडते, रिस्टार्ट केली की उठते, परत पडते

या वेळची बरीच पत्रं एकाच दुखण्याची आहेत, लिनक्स सर्व्हरवर मागे चालणारी सर्व्हिस अचानक बंद पडते आणि का पडली तेच कळत नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत आणि हा अख्खा भाग यालाच दिलाय. कमांड्स इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्यात, टर्मिनलवर टाकताना नेहमीसारख्या इंग्रजी लहान अक्षरांतच टाका, आणि 'डॅश' लिहिलंय तिथे आडवी रेघ.

प्रश्न: ताई, आमचं एक छोटं वेब अ‍ॅप आहे, पायथनमधलं, २ जीबी रॅमच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर सिस्टिमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था) सर्व्हिस म्हणून चालतं, त्याच मशीनवर डेटाबेसपण आहे. दर दोन-तीन दिवसांनी साइट उघडली की ५०२ एरर येते, मी लॉगिन करून सर्व्हिस रिस्टार्ट करतो की लगेच सगळं नीट. अ‍ॅपच्या लॉगमध्ये काहीच सापडत नाही, शेवटची ओळ अगदी साधी असते. कंटाळून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) रोज पहाटे ३ वाजता रिस्टार्ट टाकला, तर आता भर दुपारीच पडतं. कोड दहा वेळा वाचून झाला. कुठे बघू?

उत्तर: लॉगमध्ये काहीच नाही म्हणताय ना, तोच तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. प्रोग्राम स्वतःच्या चुकीने पडला तर तो बहुतेक वेळा काहीतरी ओरडून पडतो, पायथन असेल तर पूर्ण ट्रेसबॅक टाकून. एक अक्षर न बोलता गेला म्हणजे त्याला बहुतेक बाहेरून मारलंय, आणि ९ नंबरच्या सिग्नलने मारलंय, कारण तो एक सिग्नल असा आहे की तो प्रोसेसला पकडताच येत नाही, निरोप लिहायला क्षणभरही मिळत नाही. आणि लिनक्सवर असं न विचारता मारणारा नेहमीचा कोण, तर मेमरी संपली की कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर. कोड दहा वेळा वाचून हे दिसणार नव्हतंच, म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

आता पुढच्या वेळी पडलं की एक कराल का, रिस्टार्टच्या आधी अर्धा मिनिट थांबा. साइट बंद आहे, लोक फोन करतायत, हात रिस्टार्टकडेच जातो हे मला माहितीये, तरी आधी 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' आणि पुढे सर्व्हिसचं नाव टाका आणि जे काय येईल ते कॉपी करून एका फाइलमध्ये ठेवा. रिस्टार्ट केलं की स्टेटसच्या पडद्यावर नव्या प्रोसेसची माहिती येते, जुनी मागे जाते. त्यात 'कोड=किल्ड, स्टेटस=९/किल' असं दिसलं आणि खाली 'रिझल्ट ओओएम-किल' असं असलं तर शंकाच नको. हुकलं तरी बिघडत नाही, 'जर्नलसीटीएल डॅश यू' आणि सर्व्हिसचं नाव टाकून मागचं वाचता येतं, शेवटाला 'डॅश ई' लावलं तर थेट शेवटच्या ओळींवर नेतं. मग 'जर्नलसीटीएल डॅश के' म्हणजे कर्नलचं म्हणणं, त्यात 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' ही ओळ शोधा. त्या ओळीत कुठला प्रोसेस नंबर मारला, त्याचं नाव काय, मरताना त्याच्याकडे किती मेमरी होती (अ‍ॅनॉन-आरएसएस, केबीमध्ये) सगळं लिहिलेलं असतं.

पण इथे घाई करू नका, कारण कर्नल ज्याला मारतो तो गुन्हेगार असेलच असं नाही. कर्नल प्रोग्राम्सना मेमरी देताना खिशात आहे त्यापेक्षा जास्तीचा वायदा करतो, कारण बहुतेक प्रोग्राम मागतात जास्त आणि वापरतात कमी, आणि एरवी हे छान चालतं. एक दिवस सगळे एकदम वसुलीला येतात तेव्हा कोणालातरी घालवावं लागतं आणि तेव्हा कर्नल प्रत्येकाला गुण देतो, मुख्यतः कोणाकडे सगळ्यात जास्त मेमरी आहे यावरून. म्हणजे फुगला एक आणि गेला दुसरा असं सहज होतं. बॅकअपची स्क्रिप्ट फुगते आणि बळी डेटाबेसचा जातो, हे मी स्वतः बघितलंय, आणि तेव्हा आम्ही सगळे दोन दिवस डेटाबेसच तपासत बसलो होतो, स्क्रिप्टकडे कोणी बघितलंच नाही. म्हणून 'किल्ड प्रोसेस' या ओळीच्या वर कर्नल त्या क्षणाच्या सगळ्या प्रोसेसचा जो तक्ता छापतो तो वाचा. त्यातला आरएसएस (प्रोसेसने रॅममध्ये प्रत्यक्ष धरलेली मेमरी) हा रकाना केबीत नसतो, पानांमध्ये असतो, नेहमीच्या मशीनवर एक पान ४ केबीचं. दीड लाख आकडा दिसला तर तो १५० एमबी नाही, जवळपास ६०० एमबी आहे. हा गुणाकार विसरल्यामुळे लोकांना 'कोणीच एवढी मेमरी खात नव्हतं' असं वाटतं.

ओळीच्या सुरुवातीला 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी' असं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मशीनची मेमरी संपलेली नसते, त्या सर्व्हिसला किंवा कंटेनरला कोणीतरी घालून दिलेली मर्यादा संपलेली असते. कंटेनरवाल्यांना हेच १३७ या आकड्याने भेटतं, १२८ अधिक सिग्नलचा नंबर ९.

आता कारण. तुमच्या पत्रातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही की पहाटे रिस्टार्ट होऊनही दुपारी पडतं. हळूहळू गळणारी मेमरी असती तर रोजच्या रिस्टार्टने ती बहुतेक झाकली गेली असती. दुपारी पडतं म्हणजे दुपारी काहीतरी होतं, कोणीतरी मोठा रिपोर्ट काढतं आणि अख्खं टेबल एकदम मेमरीत येतं, किंवा मोठे फोटो अपलोड होतात, किंवा दुसरीच कुठली क्रॉन तेव्हा चालते. कर्नलच्या ओळीतली वेळ घ्या आणि वेब सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये त्याआधीच्या दोन-चार मिनिटांत कुठल्या रिक्वेस्ट आल्या ते बघा. एकदा नाही, तीन वेळा पडल्याच्या तीन वेळा घेऊन बघा, तिन्हीत एकच पत्ता दिसला तर तिथेच जा. जोडीला दर पाच मिनिटांनी 'पीएस'ने सगळ्यांची आरएसएस एका फाइलमध्ये लिहून ठेवणारी छोटी क्रॉन लावा, दोन दिवसांत आकार दिसतो, पायऱ्यांसारखा चढत जाऊन कधीच उतरत नसेल तर गळती किंवा मर्यादा नसलेला कॅश, आणि सपाट असून एकदम उंच उडत असेल तर ती एखादी ठरावीक रिक्वेस्ट.

वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या तुमच्याच प्रोग्रामच्या प्रती) किती ठेवलेत तेही बघा. गनिकॉर्न या पायथनच्या वेब सर्व्हरच्या मार्गदर्शनात 'कोअरच्या दुप्पट अधिक एक' हे सूत्र सुरुवातीसाठी दिलंय, लोक ते डोळे झाकून घेतात, पण त्यात मेमरीचा हिशोबच नाही. दोन कोअरला पाच वर्कर, प्रत्येकी २०० एमबी धरा, झाला १ जीबी, आणि उरलेल्या एकात डेटाबेस, वेब सर्व्हर आणि सिस्टिम. २ जीबीच्या मशीनवर मी दोन किंवा तीन ठेवीन. आणखी एक, एखादाच वर्कर ओओएममध्ये मारला गेला तरी सिस्टिमडी बाय डिफॉल्ट अख्खी सर्व्हिस थांबवते, त्यामुळे 'एक वर्कर गेला तर बाकीचे सांभाळतील' हा भरवसा तिथे चालत नाही.

तात्पुरतं काय करायचं तर, 'फ्री डॅश एम' टाकून स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आहे का बघा, बऱ्याच व्हर्च्युअल सर्व्हरवर तो शून्यच असतो, १-२ जीबीची स्वॅप फाइल दिली तर निदान श्वास घ्यायला वेळ मिळतो. युनिट फाइलमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंगची फाइल) 'मेमरीमॅक्स' ही मेमरीची मर्यादा घातली तर फुगल्यावर तुमचं अ‍ॅपच मरेल, शेजारचा डेटाबेस वाचेल, आणि माझ्या मते डेटा वाचणं जास्त महत्त्वाचं. 'रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर' ठेवाच, पडल्यावर आपलं आपण उठेल. ती पहाटेची क्रॉन मात्र काढून टाका, तिने काही बरं केलेलं नाही, उलट मेमरीचा आकार बघायला जो सलग काळ हवा तोच ती रोज तोडते.

आणि दोन गोष्टी लगेच करून ठेवा. पायथनचं आउटपुट टर्मिनलवर नसेल तेव्हा ते साठवून साठवून लिहिलं जातं, म्हणजे ९ नंबरने मारलं की प्रिंट केलेल्या शेवटच्या ओळीही पोटातच राहतात, म्हणून सर्व्हिसच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये 'पायथनअनबफर्ड' हे व्हेरिएबल, सगळं मोठ्या अक्षरांत, १ करून ठेवा. दुसरं, व्हार-लॉगमध्ये 'जर्नल' नावाचा फोल्डर आहे का ते बघा, नेहमीच्या सेटिंगला तो नसेल तर जर्नल, म्हणजे सिस्टिमडीचा लॉग, फक्त मेमरीत राहतं आणि मशीन रीबूट झालं की सगळा पुरावा गेला. असेल तर 'जर्नलसीटीएल डॅश बी डॅश १' ने मागच्या बूटचं सगळं वाचता येतं.

प्रश्न: नमस्कार. माझी स्क्रिप्ट हाताने चालवली की मस्त चालते, पण सर्व्हिस म्हणून सुरू केली की लगेच फेल, स्टेटसमध्ये २०३ आणि पुढे एक्झेक असं येतं. परमिशन सगळ्यांना सगळी देऊन पाहिली. आता काय?

उत्तर: पहिलं म्हणजे ती सगळ्यांना दिलेली सगळी परमिशन परत काढा, कृपया. सर्व्हरवरची कुठलीही फाइल कोणालाही बदलता येणं हे आत्ताच्या अडचणीपेक्षा मोठं संकट आहे, आणि चालवायला फक्त एक्झिक्युटचा बिट लागतो.

२०३ चा अर्थ सरळ आहे, सिस्टिमडीला तुमचा प्रोग्राम सुरूच करता आला नाही, तुमच्या कोडची पहिली ओळसुद्धा चाललेली नाही. त्यामुळे कोडमध्ये शोधू नका. हाताने चालतं आणि सर्व्हिसमध्ये नाही याची मला भेटलेली कारणं सांगते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत हॅश आणि उद्गारचिन्ह टाकून इंटरप्रिटरचा रस्ता दिलेला नसेल तर टर्मिनलवरचं शेल, म्हणजे बॅश, समजून घेतं आणि स्वतःच ती फाइल चालवतं, सिस्टिमडी तसं करत नाही, ती कर्नलला देते आणि कर्नल म्हणतो हा प्रकार मला कळत नाही. ही ओळ आहे पण फाइल विंडोजवर लिहिली असेल तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर जास्तीचं असतं, मग कर्नल त्या अक्षरासकट इंटरप्रिटर शोधतो, तो नसतोच, आणि एरर येते 'फाइल सापडली नाही', समोर फाइल दिसत असूनही. तुम्ही हाताने 'पायथन' लिहून पुढे फाइलचं नाव देत असाल तर पहिली ओळ वापरलीच जात नाही, त्यामुळे ही अडचण कळतच नाही. 'कॅट डॅश ए', यातला ए मोठा, करून बघा, ओळींच्या शेवटी टोपीचं चिन्ह आणि एम दिसलं तर हेच. 'डॉसटूयुनिक्स' चालवा, संपलं.

तिसरं म्हणजे एक्झेकस्टार्टमध्ये (युनिट फाइलमधली, काय चालवायचं ते सांगणारी ओळ) लोक शेलची भाषा लिहितात, पाइप, बाणाने फाइलमध्ये आउटपुट, दोन अँपरसँड, घरच्या फोल्डरसाठी नागमोडी रेघ. तिथे शेल नसतं, यातलं काही चालत नाही. पूर्ण रस्ता लिहा, आणि शेल हवंच असेल तर स्क्रिप्टमध्ये ठेवा. एसईलिनक्स (लिनक्समधली जास्तीची सुरक्षा व्यवस्था) चालू असलेल्या मशीनवर, होम फोल्डरमधून हलवलेल्या फाइलवर जुनंच लेबल राहतं आणि मग परमिशन बरोबर असूनही नाही म्हणतं, तिथे 'रिस्टोअरकॉन' चालवून बघा, एसईलिनक्सच बंद करून टाकू नका.

हे सुटलं की पुढची पायरी बहुतेक ही येईल, सुरू होईल आणि 'मॉड्यूल सापडलं नाही' किंवा 'कमांड सापडली नाही' म्हणून पडेल. तुम्ही लॉगिन केल्यावर तुमची बॅशआरसी वाचली जाते, त्यात पाथ आणि पासवर्ड वगैरे व्हेरिएबल्स असतात, सर्व्हिस ती फाइल वाचतच नाही. ते सगळं 'एन्व्हायर्नमेंटफाइल' मध्ये द्या आणि तिथे ओळीच्या सुरुवातीला 'एक्सपोर्ट' लिहू नका, ती शेल स्क्रिप्ट नाही, एक्सपोर्टवाली ओळ चुकीची म्हणून सोडून दिली जाते आणि तुम्ही विचार करत बसता की व्हेरिएबल दिलं तर आहे.

शेजारचे दोन आकडेही लक्षात असू द्या, २०० म्हणजे वर्किंग डिरेक्टरीत जाता आलं नाही आणि २१७ म्हणजे युनिटमध्ये लिहिलेला यूजरच मशीनवर नाही.

प्रश्न: सर्व्हिस सुरूच होत नाही, 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' एवढंच येतं. एरर तरी नीट सांगायला हवी ना?

उत्तर: ही एरर तुमच्या प्रोग्रामची नाहीच. सर्व्हिस सुरू होऊन लगेच पडली, रिस्टार्ट लावलेलं असल्यामुळे परत उठली, परत पडली, असं १० सेकंदात ५ वेळा झालं की सिस्टिमडी हात वर करते, आणि दोन प्रयत्नांतला वेळ बाय डिफॉल्ट फक्त १०० मिलिसेकंद असल्यामुळे हे पापणी लवेपर्यंत होऊन जातं. खरी एरर त्या ओळीच्या वर आहे. जर्नल उघडा आणि खालून वर वाचत जा, पाचही वेळा तीच एरर असेल, पहिली घ्या.

माझा अंदाज विचाराल तर, सगळ्यात जास्त वेळा ती 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' असते. म्हणजे तो पोर्ट आधीच कोणीतरी धरून बसलंय. 'सुडो एसएस डॅश एलटीएनपी' टाका, कुठला पोर्ट कोणाकडे ते नावानिशी दिसेल (सुडोशिवाय दुसऱ्या यूजरच्या प्रोसेसचं नाव दिसत नाही). बऱ्याचदा तिथे तुमचाच जुना प्रोग्राम असतो, कोणीतरी घाईत नोहपने (टर्मिनल बंद केलं तरी प्रोग्राम चालू ठेवणारी कमांड) हाताने चालू केलेला आणि विसरलेला. त्याला आधी साधं 'किल' द्या, १५ नंबर जातो, आवरायला वेळ मिळतो, नाहीच ऐकलं तर ९.

कारण दूर केल्यावर 'सिस्टिमसीटीएल रिसेट-फेल्ड' आणि मग स्टार्ट. युनिट फाइल बदलली असेल तर त्याआधी 'डेमन-रीलोड', हे विसरलं की तुम्ही नवी फाइल बघता आणि सिस्टिमडी जुनीच चालवते. 'रिस्टार्टसेक' ५ वगैरे ठेवा असं मी सांगते पण एक लक्षात घ्या, ५ सेकंदांच्या अंतराने १० सेकंदात ५ प्रयत्न होऊच शकत नाहीत, म्हणजे ती मर्यादा कधी लागत नाही आणि सर्व्हिस रात्रभर पडत-उठत राहते, 'फेल्ड' कधी दिसत नाही. 'सिस्टिमसीटीएल शो' मध्ये 'एनरिस्टार्ट्स' असा एक आकडा असतो, तो बघत जा, चारशे वगैरे दिसला तर सर्व्हिस चालू आहे या समजुतीवर राहू नका.

प्रश्न: ताई खूप घाबरलेय म्हणून लिहितेय. डिस्क १०० टक्के भरली आणि पोस्टग्रेस बंद पडलं, सुरू होत नाही. मी लॉग डिलीट केले तरी डीएफमध्ये (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) तेवढंच दिसतंय. आता डेटा फोल्डरमध्ये मोठमोठ्या फाइल्स दिसतायत, पीजी-वॉल नावाच्या फोल्डरमध्ये, त्या लॉगच आहेत असं कोणीतरी म्हणालं, त्या काढू का?

उत्तर: नाही. त्या काढू नका. तुम्हाला मी लगेच वेगळं कळवलंच, पण इथेही सगळ्यांसाठी लिहितेय, कारण याच चुकीने लोकांचा डेटा गेलाय. त्या फोल्डरमध्ये डेटाबेसच्या ताज्या बदलांची नोंद असते, पडल्यावर पोस्टग्रेस त्याच नोंदी वाचून स्वतःला सावरतं, त्या गेल्या तर ते सुरू होणार नाही किंवा अर्धवट डेटावर सुरू होईल. आधी या फोल्डरचं नाव पीजी-एक्सलॉग होतं, नावात लॉग आहे म्हणून लोक खरंच पुसायचे, मग २०१७ मध्ये आलेल्या १० नंबरच्या आवृत्तीत नाव बदललं. मायएसक्यूएलवाल्यांनीही बिनलॉग फाइल्स हाताने काढू नयेत, त्यासाठी आतमध्ये 'पर्ज बायनरी लॉग्ज' ही कमांड आहे.

आता लॉग पुसूनही जागा का नाही आली. लिनक्समध्ये फाइल डिलीट केली म्हणजे फक्त तिचं नाव गेलं, एखाद्या चालू प्रोसेसने ती उघडून धरलेली असेल तर जागा तशीच अडकून राहते. म्हणूनच फाइल्सचे आकार मोजणारं 'डीयू' कमी सांगतं आणि 'डीएफ' जास्त. 'सुडो एलएसओएफ प्लस एल१', यातला एल मोठा, टाकलं की नाव गेलेल्या पण उघड्या फाइल्स आणि त्या कोणी धरल्यात ते दिसतं, त्या प्रोसेसला रिस्टार्ट केलं की जागा मोकळी. पुढच्या वेळी चालू लॉग डिलीट न करता 'ट्रंकेट डॅश एस ०' ने रिकामा करा.

मग सुरक्षित जागा कुठून काढायची. जर्नल किती खातंय ते 'जर्नलसीटीएल डॅश डॅश डिस्क-यूसेज' ने कळतं, ते डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४ जीबी वाढतं, 'व्हॅक्यूम-साइज' देऊन ५०० एमबीवर आणा. पॅकेज मॅनेजरचा कॅश साफ करा. जुने बॅकअप त्याच डिस्कवर असतील तर दुसरीकडे हलवा, आणि हलवलेली फाइल तिकडे उघडतेय ना ते बघितल्याशिवाय इकडची पुसू नका. एक्स्ट ४ फाइल सिस्टिम बाय डिफॉल्ट ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, त्यामुळे बाकीच्यांना १०० टक्के दिसत असलं तरी रूट म्हणून थोडं काम करता येतं.

डीएफमध्ये जागा आहे तरीही 'नो स्पेस लेफ्ट' येत असेल तर 'डीएफ डॅश आय' बघा. इनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) संपलेले असतील, म्हणजे एखाद्या फोल्डरमध्ये लाखो बारक्या फाइल्स साठल्यात, सेशनच्या किंवा कॅशच्या.

थोडी जागा झाल्यावर पोस्टग्रेस सुरू करा आणि त्याला वेळ द्या, सावरताना ते काही मिनिटं कनेक्शन घेत नाही, लॉगमध्ये रिकव्हरी चालू असल्याचं दिसतं, तेव्हा बंद पडलंय समजून मध्येच मारू नका. सुरू झालं की पीजी-वॉल एवढं का वाढलं ते बघा, बहुतेक वेळा कधीकाळी बनवलेला आणि कोणी न वाचणारा रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरला बदल पोचवण्यासाठीची सोय) असतो किंवा आर्काइव्हची कमांड फेल होत असते, दोन्हीत पोस्टग्रेस नोंदी धरून ठेवतं. कारण सापडून दूर झालं की त्या फाइल्स ते स्वतःच कमी करतं.

प्रश्न: मशीन रीबूट झालं की आमची सर्व्हिस फेल असते, नंतर हाताने स्टार्ट केली की चालते. 'एनेबल' केलेली आहे. युनिटमध्ये 'आफ्टर=नेटवर्क डॉट टार्गेट'पण आहे.

उत्तर: ते नाव फसवं आहे. नेटवर्क डॉट टार्गेट म्हणजे नेटवर्कची व्यवस्था सुरू झाली एवढंच, आयपी मिळाला असं नाही. 'नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट' हवं, आणि ते 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' अशा दोन्ही ओळींत लिहा, कारण आफ्टर फक्त क्रम ठरवतं, समोरच्याला सुरू करायला सांगत नाही. डेटा वेगळ्या डिस्कवर असेल तर 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' देऊन तो रस्ता लिहा. एवढं करूनही डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर तो तयार आहे की नाही हे या मशीनच्या सिस्टिमडीला कसं कळणार, म्हणून अ‍ॅपनेच कनेक्शन मिळालं नाही तर थोडं थांबून परत प्रयत्न करायला हवा. रात्री मशीन आपोआप रीबूट झालं तर हाताने स्टार्ट करायला कोणी नसतं.

प्रश्न: आमची जावाची सर्व्हिस मी स्वतः स्टॉप केली तरी लाल रंगात फेल्ड दाखवते, १४३ लिहिलेलं असतं. काही बिघडलंय का?

उत्तर: काही नाही. १२८ अधिक १५, म्हणजे स्टॉपचा सिग्नल मिळाला आणि जावा नीट बंद झालं, फक्त जाताना तिने ० ऐवजी १४३ हा आकडा परत दिला. युनिटमध्ये 'सक्सेसएक्झिटस्टेटस=१४३' लिहा. किरकोळ वाटेल पण लिहाच, नाहीतर लाल रंगाची सवय होते आणि खरंच पडलेली सर्व्हिस त्यात दिसत नाही.

प्रश्न: मला रूट अ‍ॅक्सेस नाही, म्हणून यूजर सर्व्हिस बनवली. मी एसएसएचमधून बाहेर पडले की थोड्या वेळात ती बंद होते, लॉगमध्ये एररही नाही, अगदी शांतपणे स्टॉप झालेली असते. वर्षभर छान चाललं होतं म्हणतात आधीचे लोक, माझ्याकडेच असं का?

उत्तर: ती पडत नाही, तिला व्यवस्थित बंद केलं जातंय. यूजर सर्व्हिस चालवणारी सिस्टिमडी ही तुमच्या लॉगिनसोबत सुरू होते आणि तुमचं शेवटचं सेशन संपलं की सगळं आवरून निघून जाते. आधीच्या लोकांचं एखादं सेशन कुठेतरी कायम उघडं असेल किंवा त्यांच्या यूजरला 'लिंगर' (बाहेर पडल्यावरही सर्व्हिस चालू ठेवणारी सेटिंग) लावलेलं असेल. 'लॉगिनसीटीएल शो-यूजर' आणि पुढे तुमचं यूजरनेम टाका, 'लिंगर=नो' दिसेल. मग 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर' करून बघा, काही मशीनवर स्वतःसाठी परवानगी असते, नसेल तर अ‍ॅडमिनला एवढी एकच कमांड तुमच्या नावाने चालवायला सांगा. नंतर बाहेर पडा, दहा मिनिटांनी परत येऊन 'सिस्टिमसीटीएल डॅश डॅश यूजर स्टेटस' बघा, सुरू झाल्याची वेळ तुम्ही बाहेर पडण्याच्या आधीची असली म्हणजे झालं.